मेहमुदा तिसऱ्यांदा सातवीत

शाहू महाराजांच्या राज्यात पोरींनी शिकावं असा वारा सुटला होता खरा, पण कोल्हापुरातल्या मिशनच्या मदरांच्या शाळेत तो पडद्यापाशी येऊन थांबायचा. पोरींना सायन्स आणि गणित शिकवायला बाई मिळेना, म्हणून मदरांनी गणपतराव मास्तरांना ठेवलं. पुरुष माणूस! पोरींच्या घरचे बिथरले. शेवटी तोड निघाली. वर्गात बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा लावायचा. मास्तर आत, पोरी बाहेर.

भूमिती आतून सांगता येते हो, पण काचेची नळी तापवणार कोण? स्पिरिटचा दिवा पेटला की पोरी किंचाळत दाराकडं पळायच्या. एकटी मेहमुदा जागची हलायची नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मीरासाबची ती लेक, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरून मोठी झालेली. मग मास्तर आतून सांगायचे आणि ही बाहेर करायची.

"काय झालं गं?"

"बुडबुडं याय लागल्यात, मास्तर."

"रंग?"

"रंग न्हाय. वास हाय. तुमच्या जोड्यांसारखा."

वर्ग फिदीफिदी हसायचा आणि पडद्याआडून नुसतं "हूं" यायचं.

मेहमुदाला मॅट्रिक होऊन मुंबईला डॉक्टरकी शिकायला जायचं होतं. इंग्रजी सातवी ही तेव्हाची शेवटची, मॅट्रिकचीच इयत्ता, पण परीक्षेच्या फॉर्मवर मदरांची सही लागायची. पहिल्या साली मदर म्हणाल्या, "तू लहान आहे." दुसऱ्या साली म्हणाल्या, "तू कच्ची आहे." ही कच्ची! हिची गणितं उतरवून काढणाऱ्या दोघी पास होऊन सासरी नांदायलासुद्धा लागल्या होत्या. आणि मेहमुदा तिसऱ्यांदा सातवीत.

यातली मेख शेवटी मास्तरांनीच उलगडली.

"अगं, तू गेलीस की माझे हात गेले. मदर तुला सोडायच्या नाहीत. उद्या शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला येतायत. त्यांच्यासमोर काहीतरी सांड, फोड. पोरगी कामाची नाही असं एकदा ठरलं की मुकाट सही होईल."

"आणि तुमचं वो?"

"माझं काय? मी पडद्यातच आहे."

दुसऱ्या दिवशी डिप्टी पगडी सावरत खुर्चीत बसले. ग्लासात चुन्याची निवळी होती. नळीनं त्यात फुंकायचं, की पाणी पांढरं होतं, एवढाच प्रयोग. मेहमुदानं ग्लास उचलला. आता नुसती बोटं सैल सोडायची. पण अब्बांनी तिला लहानपणापासून एकच धाक घातलेला: हातातनं वस्तू पडली तर त्याला हात कशाला म्हणायचं? बोटं सैल होण्याऐवजी घट्टच झाली. पडद्याआड मास्तर खोकले. पुन्हा खोकले. तिनं फुंकलं. पाणी दुधासारखं झालं.

"असं का झालं?" डिप्टींनी विचारलं.

'ठाऊक न्हाय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तिनं उत्तर दिलं, तेही बरोबर. वर म्हणाली, "आणि आणखी फुंकत ऱ्हायलं तर परत नितळ हुतंय, साहेब. दाखवू?"

आतला खोकला थांबला.

डिप्टी मदरांना म्हणाले, "अहो, मास्तरीण घरात असताना पडद्याआड पुरुष कशाला?"

पंधरा दिवसांत पडदा निघाला. गणपतराव मुलांच्या शाळेत गेले, म्हणजे सुटले बिचारे. मेहमुदा फॉर्म घेऊन गेली तेव्हा मदर मनापासून हसल्या. "आता परीक्षा कशाला? तू टीचर आहे!" घरी अब्बांनी सगळ्या पेठेत साखर वाटली. "माझी पोरगी मास्तरीण झाली की, पावणं!" एवढ्या आनंदी माणसाला ती काय सांगणार? तिनंही चिमूटभर साखर खाल्ली.

पुढच्या जूनमध्ये सातवीत मलकापूरची नंदिनी आली. दिवा पेटला तशी सगळ्या पळाल्या, ही पुढं आली. चिमट्यात नळी धरली, वातीवर तिरपी फिरवली, थेंब सांडला नाही. मेहमुदाबाईंनी पुढं होऊन तिच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"मागच्या बाकावर जाऊन बस."

"का वो बाई? माझं काय चुकलं?"

"काय न्हाय चुकलं. म्हणूनच सांगते, जा मागं. आणि मदर वर्गात आल्या तर दिव्याला भ्यायचं. चांगलं वरडायचं."

मग त्यांनी दाराआड लपलेल्या, हात लटलटणाऱ्या एका पोरीला बोलावलं आणि चिमटा तिच्या हातात दिला.

त्या वर्षी शाळेच्या सात नळ्या फुटल्या. मदर प्रत्येक नळीगणिक मेहमुदाबाईंना बोलल्या. नंदिनीच्या फॉर्मवर मात्र त्यांनी न बघताच सही केली.