अण्णाच्या शेडमधला हॉर्न

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडीही निवडून टाकली. का, ते विचारू नका… अण्णा माझा थोरला भाऊ. म्हसरूळला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो जुन्या मोटरसायकलींची बटणं दुरुस्त करायचा. हॉर्नची, दिव्याची, डिपरची. इंजिनाला हात लावायचा नाही. "इंजिन कुणीही खोलतं गं," म्हणायचा, "बटणाला माणसाचा हात लागलेला असतो." मी शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म काढला. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि हे वाचून कुणी मला गंडेदोरे आणून देऊ नयेत, ही आधीच विनंती.

वरचं बटण बदलायचं नाही, हा त्याचा हट्ट. आतली पितळी पट्टी घासून लख्ख करील, स्प्रिंग नवी घालील, पण ज्यावर बोट झिजलं ते बटण तेच राहायचं. बापाच्या माघारी त्याची गाडी घेऊन येणाऱ्या मुलांना हे फार आवडे. मला मात्र ते जरा अंगावर यायचं. एकदा पिंपळगावचा एक टेम्पोवाला येवल्याहून विकत घेतलेली जुनी गाडी घेऊन आला. अण्णाने हॉर्नचं बटण उन्हात धरून फिरवलं आणि विचारलं, "आधीच्या मालकाचा अंगठा अधू होता का हो?" टेम्पोवाला हसला. "मला काय ठावं दादा? तो मेल्यावर त्याच्या पोराकडनं घेतली मी." गाडी न्यायला आला तेव्हा तो हसत नव्हता. मुद्दाम येवल्याला जाऊन आला होता. मालक पैठणीच्या मागावर बसायचा, अंगठा कायमचा आखडलेला, हॉर्न तळहाताच्या कडेने दाबायचा. टेम्पोवाल्याने गाडी नेली, पण हॉर्नला हात लावेना म्हणे.

अण्णाची स्वतःची गाडी शेडमध्येच उभी असे. चहा हवा झाला की तिचाच हॉर्न वाजवायचा, तोकडा, आणि वहिनी स्वयंपाकघरातून "आले हो" म्हणायच्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले. वहिनी, त्यांची मुलगी रेवती आणि मी दुपारच्या पडून होतो, आणि शेडमधून हॉर्न वाजला. तोच, तोकडा. रेवती पांढरीफटक पडली. वहिनी उठल्या, पदर खोचला आणि चहाचं आधण ठेवलं. मग हे रोजचंच झालं. दुपार कलली की हॉर्न, हॉर्न वाजला की वहिनी कप घेऊन शेडमध्ये. गार झालेला कप घेऊन परत यायच्या, स्वतः मात्र काही खायच्या नाहीत. रेवतीला त्यांना पुण्याला न्यायचं होतं. "मी गेले तर त्यांना चहा कोण देईल?" एवढंच त्यांचं म्हणणं. अंगावरचं पोलकं सैल पडत चाललं होतं. आता ही बाईही हातची जाणार, अशी मला धास्ती बसली.

शेवटी मीच पाना घेऊन शेडमध्ये गेले. लहानपणापासून अण्णाच्या हाताखाली पक्कड-पाना देत आले, तेवढं मला येतं. वहिनी दारात उभ्या राहिल्या. "वन्सं, दुखवू नका हं त्यांना." बटण खोललं आणि माझा जीव भांड्यात पडला. जुन्या गाड्यांत बटणापर्यंत एकच वायर येते. ती हँडलच्या लोखंडाला टेकली की हॉर्न वाजतो. वायरचं रबर झिजलं होतं, दुपारी पत्रा तापला की ती सैल होऊन टेकत होती. जगाची बटणं नीट करणाऱ्याचं स्वतःचं बटण असं! मी वायरवर नवी नळी चढवली. हॉर्न थांबला. घराची किल्ली माझ्याकडे देऊन वहिनी रेवतीबरोबर पुण्याला गेल्या.

पण तिथून रोज दुपारी फोन. "वन्सं, वाजला का हो?" मी नाही म्हणायचे, आणि फोन बंद. दोन घासांवर उठते आई, रेवती रडत सांगायची. "आत्या, काहीतरी कर ना…" मग परवा मी ठरवलं, खोटं तर खोटं. शेड उघडलं, वहिनींचा फोन येताच तो कानाशी धरून दुसऱ्या हाताने बटण दाबलं आणि म्हटलं, "ऐका, वाजला बघा."

पलीकडे वहिनी हसल्या. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. "पहिला तुम्ही दाबलात, वन्सं. कळतं मला," त्या म्हणाल्या. "दुसरा त्यांचा."

मी बटण एकदाच दाबलं होतं. मला दुसरा काही ऐकू आला नव्हता. तसं त्यांना सांगायचं धाडस झालं नाही, "हो" म्हणाले आणि बाहेर पडले. संध्याकाळी रेवतीचा निरोप आला, आई आज पोटभर जेवली. शेडचं दार उघडंच राहिलंय. कुलूप लावायला मी अजून परत गेलेली नाही.