गाडीला जुलाब देणारे भाऊजी

लोणी काळभोरच्या अलीकडे सोलापूर रस्त्यावर गाडीत लाल दिवा लागला, पुढून लोखंड आपटल्यासारखा खडखडाट झाला आणि इंजिन जाम होऊन गाडी भर रस्त्यात उभी राहिली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूने निघून जात होत्या. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोघी आधी उतरा. कडेला जा." दोघी म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ, सुशीला. भाऊजी म्हणजे तिचा नवरा, माझे दीर. ते स्वतः उतरले नाहीत.

या माणसाला आत साचलेलं काही खपायचं नाही. धायरीच्या त्यांच्या घरात दर रविवारी सकाळी चहातून एरंडेल. स्वतःला, बायकोला, पोरांना, आणि मुक्कामाला आलेला पाहुणाही सुटायचा नाही. मी नको म्हटलं तर म्हणाले, "तुमच्या बोलण्यावरून कळतंच वहिनी, आत किती साचलंय." मी कप मोरीत ओतला. पुढच्या खेपेला कप पुन्हा माझ्यासमोर. राग धरायची त्यांना सवय नव्हती.

माझे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा भाऊजी रोज धायरीहून कोथरूडला येऊन त्यांना अंघोळ घालायचे. नखं कापायचे, कानामागे पुसायचे. "दादा, दुखणं माझ्या हातात नाही, मळ आहे," म्हणायचे. बाकीचे नातेवाईक फळं घेऊन आले आणि गेले.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली. जायचे कुठे, तर मंडईपर्यंत. एवढ्याशा चालण्याने गाडी खोकायला लागली. गाड्यांच्या सामानाच्या दुकानदाराने पेट्रोलमध्ये घालायची, आतला कचरा साफ करणारी बाटली दिली, आणि खरं सांगायचं तर गाडी सुधारली. ते मला दाखवायला मुद्दाम कोथरूडला आले. "ऐका वहिनी. येतोय काही आवाज?" मी म्हटलं, नाही. "मग?" म्हणाले आणि चहा न घेता गेले.

तेव्हापासून गाडी म्हणजे त्यांना पोटच वाटायला लागलं. माझ्या मुलाने नवी गाडी घेतली, तर हे बाटली घेऊन हजर. मुलगा म्हणाला, "काका, हात लावायचा नाही. काही झालं तर कंपनी वॉरंटी देणार नाही." भाऊजी म्हणाले, "तुझी गाडी तुझ्यासारखीच. वरून चकचकीत, आतलं देव जाणे."

मग त्यांनी दुसरी बाटली आणली. ही पेट्रोलमध्ये नाही, इंजिनच्या ऑइलमध्ये ओतायची. गाडी जागेवरच थोडा वेळ चालू ठेवायची आणि लगेच सगळं जुनं ऑइल काढून नवं भरायचं. गॅरेजवाला म्हणाला होता, "काका, तुमच्या गाडीत ती घालू नका. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललेलं नाही. गाळ सुटून ऑइल ओढायच्या जाळीत अडकेल, ऑइल वर चढणार नाही, इंजिन जाम होईल." भाऊजी म्हणाले, "अरे, गाळ सुटावा म्हणूनच घालायची ना?"

सुशीलाच्या भावाची लोणीला वास्तुशांत होती. भाऊजींनी त्या सकाळी बाटली ओतली आणि मला न्यायला कोथरूडला आले. वाटेत सुशीला म्हणाली, "अहो, ते ऑइल काढायचं राहिलं ना?" ते म्हणाले, "एरंडेल घेतल्यावर माणूस चार पावलं फिरतो की नाही? फिरू दे तिलाही जरा. आल्यावर काढतो." मला गाडीतलं काही कळत नाही. मी खिडकीबाहेर बघत होते.

आम्ही दोघी कडेला पोचलो. चहाच्या टपरीवरची दोन माणसं ढकलायला यायला निघाली. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, म्हणून कोणीतरी आत बसून ते धरायला हवं होतं. मी ओरडले, "भाऊजी, मरू दे गाडी, उतरा आधी." त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "आणि वळवणार कोण, तुम्ही?"

तेवढ्यात मागून टेम्पो आला. ढकलायला निघालेली माणसं अजून रस्त्याच्या कडेलाच होती.

पुढे गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं. जाळी काळ्या, डांबरासारख्या गाळाने बुजली होती. पेट्रोलमधल्या बाटलीने काही बिघडलं नव्हतं, म्हणाला. सुशीलाने ऐकून घेतलं आणि पदर खोचून घरी चालायला लागली.

गाडीत आम्ही तिघं होतो. सुशीला आणि मी वाचलो.