मनुआत्तीनं पास केलेलं मशीन

आमच्या मनुआत्तीला जमिनीखालचं सोनं दिसतं, असं अख्खं गाव म्हणायचं. गावाचं सोडा, इस्लामपूरच्या बाजारात मिरच्या घ्यायला गेलं तरी मिरचीवाली तागडी खाली ठेवायची. "तुमीच न्हवं त्या पायाळू? आमच्या परड्यात काय दिसतंय का बगा की वाईच!" कुणी सांगायचं, आडाच्या तळाचा हंडा तिनं काठावर बसून पाहिला. कुणी सांगायचं, खाली धन असलं की तिचे तळपाय चुलीसारखे तापतात, म्हणून तर बाई अनवाणी हिंडते.

सगळं खोटं. मनुआत्तीला दिवेलागणीला सुईत दोरा ओवता येत नाही, मी ओवून देते. आणि अनवाणी हिंडते कारण तिच्या चपलेचा अंगठा कायम तुटलेला. खरं एवढंच, की ती जन्मली तेव्हा डोक्याआधी पाय बाहेर आले. पायाळू. तेवढ्यावर लोकांनी तिचा सगळा जन्म लिहून टाकला. पायाळूला धन दिसतं, पायाळूच्या लाथेनं पाठीतली चमक जाते आणि पायाळूवर वीज पडते. म्हणजे फायदा गावाचा, वीज हिच्यावर.

चमक भरलेली माणसं सकाळी सकाळी आमच्या अंगणात पालथी पडायची. आत्ती आधी पाया पडल्यासारखं करायची, मग बोटभर पाय टेकवायची. खालनं आवाज यायचा, "जोरात, मनुबाई, जोरात! म्हशीला मारल्यावानी!" आत्ती पुटपुटायची, "न्हाई बाई... मला न्हाई जमायचं..." तिच्या वाक्याचा शेवट नेहमी पदरातच जायचा. आत्तीचा नवरा पलटणीत होता, पासष्टच्या लढाईत गेला. तेव्हापासून ती आमच्याकडं, म्हणजे भावाकडं राहायची. ढग वाजला की भांडी घासता घासता उठायची आणि कणगीमागं जाऊन बसायची.

पण विजेपेक्षा तिला भ्या होतं ते माणसांचं. त्या वर्षी पेपरात मराठवाड्याकडच्या बातम्या येत होत्या, गुप्तधनापायी माणसं मारल्याच्या. मी एकदा रेडिओवरच्या बाईच्या आवाजात ती बातमी घरात वाचून दाखवली. मला वाटलं, आवाज किती फक्कड जमला. वर बघितलं तर तव्यावरची भाकरी काळी झालेली, आणि आत्ती उलथनं हातात धरून तशीच बसलेली. त्यानंतर ती आडावरसुद्धा एकटी जाईना. मला पुढं घालायची आणि माझ्या वेणीचं टोक धरून मागनं चालायची.

गावाबाहेर पांढरीचं टेकाड आहे. जुनं गाव तिथं होतं म्हणतात. पावसानं माती धुपली की पोरांना तिथं तांब्याची एखादी शिवराई सापडते. टेकाड लालासाहेबांच्या मालकीचं, आणि त्याच्या पोटात मोहरांचा हंडा आहे हे लालासाहेबांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आमच्या उसाला पाणी त्यांच्या विहिरीवरून. त्यामुळं लालासाहेब आले की आमचे आबा उभे राहायचे आणि ते जाईपर्यंत उभेच राहायचे.

तसे एक दिवस ते आले. खाकरले. "आबा, देवरुशी काय म्हंतोय ऐका. पायाळूचा पाय लागल्याबिगर धन वर येत न्हाई. येत्या आवसंला मनुबाईला टेकाडावर न्यायचं. दिवस बुडायच्या आत मी गाडी पाठिवतो. का न्हाई?"

लालासाहेबांच्या प्रत्येक बोलण्याला 'का न्हाई' असायचं आणि त्याला 'न्हाई' म्हणायची गावात कुणाची टाप नव्हती. आबा जमिनीकडं बघत राहिले. दाराआड आत्तीनं माझी वेणी एवढी ओढली की माझी मान मागं गेली. पायाळूचा पाय लागल्यावर पुढं काय लागतं, ते देवरुशानं सांगितलं नव्हतं. पेपरात मात्र आलं होतं.

आत्तीला वाचवलं ते जोतीरामनानांनी, आणि तेही न ठरवता. जोतीरामनाना पलटणीतून परत आलेले. सुरुंग शोधायचं काम केलेलं. एक सुरुंग शोधायच्या आधीच फुटला, तेव्हा उजवा कान गेला, आणि तेव्हापासून ते सगळ्या जगाशी ओरडून बोलतात. ते लालासाहेबांना म्हणाले, "देवरुशी किसलिये? डिट्याक्टर हाय ना! जमिनीत लोखंड, तांबं, चांदी काय बी असू दे, फट्टसे बोलतंय!" पुण्याच्या जुन्या बाजारात पलटणीतली मोडीत निघालेली मशीनं मिळतात म्हणे. नाना दोन घेऊन आले. एक ठेवायचं, एक परत करायचं, असं व्यापाऱ्याशी बोलून.

आता गंमत अशी, की दोन्ही मशीनं जुळ्या भावांसारखी. तोच हिरवा रंग, तीच पेटी, तोच लांब दांडा, दांड्याला तीच थाळी आणि कानावर चढवायच्या त्याच काळ्या चकत्या. नानांनी ओळखायला एकाच्या दांड्याला तांबडी चिंधी बांधली. कुठलं चांगलं ते मात्र त्यांना कळेना, कारण मशीन बोलणार कानात, आणि नानांचा एक कान नाही, दुसऱ्यात रात्रंदिवस रातकिडा.

मग लालासाहेबांनी जी शक्कल काढली ती आमच्याच गावात निघू शकते. ते म्हणाले, "मशीन खरं का खोटं ते पायाळूच सांगणार. मनुबाई म्हंतील तितं जे मशीन वाजंल ते पास. एक बी पास झालं न्हाई, तर आवसंला गाडी हायच. का न्हाई?"

म्हणजे आत्तीला जे दिसतच नव्हतं, त्यावर मशीनची परीक्षा, आणि मशीन नापास झालं तर शिक्षा आत्तीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी आळी आमच्या अंगणात. नानांनी हुकूम सोडला, "अंगावरची धातू उतारो!" लालासाहेबांनी अंगठी, घड्याळ, कानातली बाळी, सगळं उतरवून ओट्यावर ठेवलं. चकत्या कुणाच्या कानाला लावायच्या म्हटल्यावर नाना माझ्याकडं बोट दाखवून ओरडले, "ही पोरगी! एस्टीचा आवाज काढती तर लोक पिशव्या उचलत्यात. जे ऐकंल ते तोंडानं वाजवंल, सगळ्यास्नी कळंल!"

चकत्या चढवायच्या आधी आत्तीनं मला चुलीपाशी ओढलं. मला वाटलं, सांगेल की बाई, काहीतरी वाजव आणि मला सोडव. मी तयारीत होते. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. हात बर्फासारखे गार. "ऐकू येईल तेच वाजव. खोटं एकदा बोललीस तर जलमभर बोलावं लागंल. माझ्यावानी गप बसून बी खोटंच झालं बग..." आणि पुढचं पदरात.

"सांगा, मनुबाई," लालासाहेब खाकरले, "तुमच्या अंगणात कुठं काय हाय?"

आत्ती भिंतीला टेकून उभी. मग म्हणाली, "न्हाणीच्या धोंड्यापाशी. तुळशीकडल्या अंगाला. इळा हाय. रुपाया हाय."

आई एकदम "आगं बया!" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. गडी माणसांना काही कळलं नाही. मलाही नाही.

आधी चिंधीचं मशीन. कानात 'कुंऽऽऽ' अशी बारीक कुणकुण सुरू होती. नानांनी थाळी जमिनीवरून फिरवली. उकिरड्यापाशी 'कींऽऽऽ'. मी तोंडानं 'कींऽऽऽ'. मोकळ्या जमिनीवर 'कींऽऽऽ'. तुळशीपाशी, गोठ्यापाशी, ओल्या मातीवर, सुक्या मातीवर, 'कींऽऽऽ, कींऽऽऽ'. न्हाणीपाशीही 'कींऽऽऽ'. माझा घसा बसला. लालासाहेबांचं तोंड मात्र उजळत चाललं.

मग बिनचिंधीचं. 'कुंऽऽऽ'. उकिरडा, 'कुंऽऽऽ'. तुळस, 'कुंऽऽऽ'. उंबऱ्यापाशी एकदा 'कीं' झालं. तिथं घोड्याची नाल ठोकलेली, ते सगळ्यांनाच ठाऊक. न्हाणीच्या धोंड्यापाशी आलं आणि 'कुंऽऽऽ'च राहिलं. मला घाम फुटला. खोटं वाजवायला फक्त ओठ ताणायचे होते. आत्ती माझ्याकडं बघत होती. मी 'कुंऽऽऽ' करत राहिले.

"हे मुकं हाय," लालासाहेब म्हणाले.

"तुळशीकडं," आत्ती म्हणाली. आवाज फाटलेला. "तुळशीकडल्या अंगाला म्हनलं मी."

नानांनी थाळी वीतभर सरकवली. 'कीं!' असा कानात टाचणी टोचल्यासारखा आवाज. मी एवढ्या मोठ्यानं वाजवलं की शेजारचा बैल उठून उभा राहिला.

"खणा!" लालासाहेब म्हणाले, आणि आई वाघिणीसारखी पुढं आली. "खबरदार! माझ्या पोरीची वार हाय तितं!"

मग सगळं उलगडलं. बाळ झालं की मागनं पडणारी वार गाडग्यात घालून न्हाणीपाशी पुरतात, बरोबर हळद-कुंकू, रुपाया, आणि आमच्या घरात नाळ कापलेला विळाही. ते काम बायकांचं, गडी माणूस तिकडं फिरकत नाही. मी जन्मले तेव्हा खड्डा आत्तीनंच काढला होता. वार उकरली तर पोर जगत नाही म्हणतात. म्हणजे इतका वेळ मी माझ्याच मरणावर उभी राहून 'कीं कीं' करत होते! मी चटकन दोन पावलं मागं सरले.

"मला काय दिसत न्हाई," आत्ती म्हणाली. "पुरल्यालं ठावं हाय, येवढंच."

ते वाक्य ऐकायची लालासाहेबांची तयारी नव्हती. ते म्हणाले, "दोन्ही मशीनं पास. मग चिंधीचं घ्या. किती बोलतंय बगा! दोनदाच वाजणारं घिऊन काय करायचंय? का न्हाई?"

आत्तीचा चेहरा पांढराफटक पडला. आता मला कळलं तिला काय कळलं ते. बडबडं मशीन घेऊन हा माणूस टेकाड उपसणार, जिथं तिथं दगड निघणार, मशीनवरचा विश्वास उडणार, आणि आवसंला गाडी दारात.

आणि मग, देवाशप्पथ, मनुआत्ती भिंत सोडून पुढं आली.

"लालासाहेब, वाईच खाली बसता का?"

"का?"

"तुमच्या फेट्यात काय हाय?"

"काय असणार? कापड हाय," म्हणत ते खाली टेकले.

"नाना, चिंधीचं मशीन लालासायबांच्या डोक्यावर धरा."

नानांनी पलटणीत हुकूम पाळलेले. धरलं. माझ्या कानात 'कींऽऽऽ' असा पूर आला. मी आत्तीकडं बघितलं. ऐकू येईल तेच. मी डोळे मिटले आणि वाजवलं. मग बिनचिंधीचं धरलं. 'कुंऽऽऽ'.

"ह्या चिंधीच्या मशीनीला," आत्ती म्हणाली, "तुमच्या डोसक्यात बी हंडा दिसतोय."

आबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आमचा ऊस, आमचं पाणी, आत्ती, सगळं त्या क्षणी त्या फेट्याखाली अडकलेलं. तेवढ्यात नानांना, उशिरा, एका कानानं, ते वाक्य पोचलं. ते हसत सुटले. "हंडा! खोपडी में हंडा!" मग अख्खी आळी. लालासाहेब मिरचीसारखे लाल झाले. उठले, अंगठी घातली, बाळी घालताना हात चुकला. म्हणाले, "बिनचिंधीचं ठेव. दुसरं पुण्याला धाड." आणि गेले. 'का न्हाई' म्हणाले नाहीत. आवसंचं रद्द झालं, असंही म्हणाले नाहीत.

तेच खात राहिलं आम्हाला. टेकाडावर खणणं सुरू झालं. घोड्याचा लगाम निघाला, मोडकी कुऱ्हाड निघाली, ओंजळभर शिवराया निघाल्या. हंडा नाही. अमावस्या जवळ आली तशी आत्तीची भाकरी अर्ध्यावर आली.

मी म्हणाले, "आत्ती, तो येणार. आता तर चारचौघांत हसं झालंय, सोडतोय व्हय तुला?"

"न्हाई यायचा."

"कशावरनं?"

"ते मशीन त्यानं सोता निवडलं. आता मला न्यायचं म्हंजी मशीन खोटं. मशीन खोटं म्हंजी त्यो खोटा. त्यो न्हाई तसं करायचा..."

"लावती पैज?"

जन्मात तिनं कधी पैज लावली नव्हती. म्हणाली, "लावली. तू हरलीस तर एक दिवस कुणाचा आवाज काढायचा न्हाई. कुत्र्याचा बी."

"आणि तू हरलीस तर?"

ती हरली तर पैज मागायला समोर कोण उरणार होतं, ते मला बोलून बसल्यावर कळलं.

अमावस्येला दुपार कलताना ती ओट्यावर लसूण सोलत बसली. पाकळ्या सालात आणि सालं पाकळ्यांत पडत होती. रस्त्यानं घुंगरं वाजली. लालासाहेबांची गाडी. आमच्या दारात थांबली. आबा उभे राहिले. आई आतून कोयता घेऊन दाराआड उभी राहिली. पैज जिंकत होते मी, आणि आयुष्यात एवढं हरावंसं कधी वाटलं नव्हतं. आत्ती जागची हलली नाही. माझी वेणी मात्र तिच्या मुठीत होती.

लालासाहेब उतरले. खाकरले. आत्तीकडं बघितलंही नाही.

"आबा, तुमच्या हातबत्तीचं सेल हायत का? मशीनचं उतरल्यात. खाली लय खोल हाय म्हंतंय ते. मशीन खोटं बोलायचं न्हाई. का न्हाई?"

आबांनी हातबत्ती झटकून सेल काढून दिले. गाडी घुंगरं वाजवत टेकाडाकडं गेली. आत्तीनं माझी वेणी सोडली. मग तिनं पदर तोंडावरून काढला, मान ताठ केली, खाकरली, आणि हुबेहूब लालासाहेबांच्या आवाजात म्हणाली, "सेल हायत का? का न्हाई?"

आई कोयता टाकून हसायला लागली. आबासुद्धा खाली बसले. त्याच्यावर कडी करेल असा एक नंबर आवाज माझ्या घशाशी येऊन उभा होता, पण पैज मी हरले होते, आणि मला दुसऱ्या दिवसापर्यंत ओठ दाबून लसूण सोलावा लागला.