शटर लावून राहिलो होतो

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या ज्या माणसाच्या डब्यातली भाजी मी बारा वर्षं खातोय, त्यालाही नाही. मग तुम्हाला का — तर तुम्ही मला ओळखत नाही, आणि हे ऐकल्यावर ओळख करून घ्यावीशी वाटणारही नाही.

आधी त्या बारबद्दल सांगतो. तो भाग सोपा आहे, तिथे दुसऱ्यांना नावं ठेवता येतात. हॉटेल सन्मान, परमिट रूम, फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका गावाच्या बाहेर. फॅमिलीच्या त्या स्वतंत्र सोयीत आजवर रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांखेरीज कुणीही बसलेलं नाही. मालकाला सगळे आण्णा म्हणतात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि दरवर्षी स्वतःच्या वाढदिवसाला शाळेत व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवतो. खोटं वाटेल, पण पहिल्या रांगेत बसून हा माणूस ते शेवटपर्यंत ऐकतो.

त्या बारमध्ये आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी मारामारी झाली. कशावरून? बॅनरवरून! वाढदिवसाच्या बॅनरवर कुणाचा फोटो दाराएवढा छापला आणि कुणाचा पासपोर्टएवढा, यावरून दोन टोळकी उठली. आधी खुर्च्या, मग बाटल्या, मग रस्त्यावर काठ्या. त्यात गोविंद नावाचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर बाहेर सापडला आणि त्याचं डोकं फुटलं. त्या बॅनरवर त्याचा फोटो नव्हताच. तो वाचला, पण त्या दुपारचं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही.

बारचा परवाना तात्पुरता बंद झाला. तो कायमचा रद्द करायचा की परत द्यायचा, याची चौकशी आमच्या ऑफिसात लागली. कुठलं ऑफिस ते विचारू नका. साहेब प्रश्न विचारणार, मी जबाब टाइप करणार — माझं काम एवढंच. त्या आठवड्यात काय एकेक नमुने पाहिले! जो तो येऊन सांगायचा, मी तिथे नव्हतोच. एक म्हणे पाणी प्यायला आत गेला होता. एक म्हणे मोबाइल चार्जिंगला लावायला. अख्ख्या बारमध्ये त्या दुपारी दारू पिणारा एकही इसम नव्हता. कॅमेरे होते, ते नेमके आदल्या दिवशी बिघडले होते. आण्णा लातूरला लग्नाला गेले होते, त्याची पत्रिका वकिलानं फाइलला जोडली होती. मला त्या सगळ्यांची किळस आली. यातला एक तरी माणूस खरं बोलेल का, असं मी मनातल्या मनात म्हणायचो. मोठा सत्यवादी मी!

एक जण बोलला. खाजाभाई, बारचा मॅनेजर. पन्नाशीचे, अंगानं बारीक, वीस वर्षं काउंटरवर उभे राहून थेंबाला न शिवलेले. डाव्या मनगटाला प्लास्टर. ते बोलायला लागले आणि मी ओळखलं — मुखेडकडचे. माझं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांनाही काहीतरी वाटलं असावं. साहेब फोनवर होते तेवढ्यात ते वाकून म्हणाले, "सर, तुमी आमच्याच भागातले का?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? तेच सांगायचं टाळत इथवर आलोय. आमचे साहेब पुण्याचे. ते रुजू झाले त्या आठवड्यात त्यांनी एका फाइलचं विचारलं, आणि मी पटकन बोलून गेलो, "लिहून राहिलो सर." आमच्याकडे याचा अर्थ इतकाच, की लिहितोय, काम चालू आहे. जेवून राहिलो, येऊन राहिलो, सगळे असंच बोलतात. साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "लिहून मग राहिलात? कुठे राहिलात?" सगळं ऑफिस हसलं. मी पण हसलो, सगळ्यांत मोठ्यांदा मीच. त्या दिवसापासून मी जीभ घासून काढली. घरी आईला फोनवरसुद्धा 'करतोय, जेवतोय'. ती म्हणायची, "काऊन रे असा परक्यावानी बोलतूस?" मी विषय बदलायचो.

तर साहेबांनी खाजाभाईंना विचारलं, काय झालं ते सांगा. ते म्हणाले, "मी शटर लावून राहिलो व्हतो साहेब. गडी भाईर मार खाऊन राहिला व्हता. मंग मी भाईर गेलो."

हे पुन्हा वाचा. तुम्ही आमच्याकडचे असाल तर एव्हाना कळलं असेल. त्यांचं शटर ओढणं चालू होतं, ते अर्ध्यावर आलं होतं. बाहेर गोविंद मार खात होता. तो दिसला, आणि हा माणूस अर्धं शटर तसंच सोडून, खालून वाकून, काठ्यांमध्ये गेला. त्याला ओढत आत आणलं. मनगट त्यातच मोडलं. पुण्याच्या कानाला मात्र वेगळंच ऐकू येतं — शटर लावलं, आत राहिलो, बाहेर माणूस मार खात राहिला, आणि सगळं आटोपल्यावर गेलो.

साहेबांनी खात्री करून घेतली. "शटर लावून राहिला होतात?"

"हाव साहेब, लावूनच राहिलो व्हतो." खाजाभाईंना वाटलं, साहेबांना समजलं. आण्णांच्या वकिलानं मान खाली घातली. तो उदगीरचा, त्याला अर्थ कळला नसेल होय? पण वेळेवर न कळणं हाच त्याचा धंदा. मनगटाचं प्लास्टर टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. हे कसं झालं, असं कुणीही विचारलं नाही.

मग साहेब माझ्याकडे वाकून, खाजाभाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले. "तुम्ही इथलेच ना हो? म्हणजे बंद करून बसले होते, असंच ना?"

एक वाक्य पुरलं असतं. नाही सर, आमच्याकडे असं बोलतात. आमच्याकडे — हा शब्दच माझ्या तोंडून निघेना. साहेब परत चष्म्यावरून बघतील, परत 'कुठे राहिलात' म्हणतील, एवढीच भीती. नोकरी जाणार नव्हती. आण्णांनी धमकी दिली नव्हती, कुणी मला साधा चहासुद्धा पाजला नव्हता. फुकटात विकला गेलो. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला राग आला तो खाजाभाईंचा. साहेबांपुढे नीट मराठी बोलता येत नाही का या माणसाला, असं वाटलं.

मी म्हणालो, "होय सर." आणि टाइप केलं, मी शटर बंद करून आतच राहिलो होतो. 'आतच' हा शब्द खाजाभाईंनी उच्चारला नव्हता, साहेबांनीही नाही. तो माझा. वाक्य स्वच्छ व्हावं म्हणून घातला.

जबाब वाचून दाखवावा लागतो. मी दाखवला, भरभर, एका दमात. खाजाभाई म्हणाले, "तुमी लिवलं म्हन्ल्यावर बरोबरच आसंल." प्लास्टरच्या हातानं कागद दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं सही केली.

आण्णांचा परवाना परत आला. निकालात लिहिलं होतं, मालकाच्या गैरहजेरीत एका नोकराच्या वैयक्तिक कसुरीमुळे प्रकरण चिघळलं. खाजाभाईंचा नोकरनामा रद्द झाला. बारमध्ये काम करायला तो कागद लागतो, तो गेला की कुठल्याच बारच्या काउंटरवर उभं राहता येत नाही. जबाबाची नक्कल गोविंदच्या घरीही पोचली. गोविंदच्या भावानं भर बाजारात खाजाभाईंच्या थोबाडीत मारली. गोविंद शेजारीच उभा होता. त्याला काही आठवतच नाही. कागदावर आहे ते त्यानं खरं मानलं.

अपिलाची मुदत संपायला चार दिवस होते तेव्हा खाजाभाई ऑफिसात आले. जबाबाची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली आणि 'आतच' या शब्दावर बोट ठेवलं. "सर, ह्ये मी बोललो न्हाई. साहेब पुन्याचे, त्येन्ला काय कळतंय. पन तुमी तर व्हते तिथं. मी काय म्हन्लो तेवढं येक कागदावर लिवून द्या." शब्द साहेबांनी घातला असा त्यांचा समज होता. तो समज मी तसाच राहू दिला. म्हणालो, "जे रेकॉर्डवर आहे ते आहे. सही तुमची आहे." शुद्ध मराठीत म्हणालो.  ते "बरं सर" म्हणाले आणि निघून गेले. चार दिवस असेच गेले, मी कागद लिहिला नाही.

साहेबांची पुण्याला बदली झाली. हॉटेल सन्मान चालू आहे, बॅनर लागतात, आण्णांचं व्याख्यानही होतं.

मागच्या दिवाळीत मी आईकडे निघालो होतो. गाडी पंक्चर झाली, रस्त्याकडेला एक पंक्चरचं दुकान दिसलं, आणि चाक काढायला जो माणूस खाली बसला ते खाजाभाई होते. मनगट वाकडंच जुळलंय. त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला, खुर्ची दिली. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत सहज विचारलं, "कुठं निघाले सर?"

मी घराच्या ओढीत होतो. तोंडातून गेलं, "गावाकडं जाऊन राहिलो. मुखेडजवळ."

त्यांचा हात पाण्यातच थांबला. त्यांनी वर पाहिलं. मी मान फिरवली.

मग त्यांनी ट्यूब पुसली, पॅच लावला, चाक बसवलं, एकेक नट आवळला.   शटर अर्ध्यावर होतं हे मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मला ते कळलं होतं, हे आता त्यांनाही माहीत आहे.