पलीकडच्या काठावरून

आमचा फ्लॅट नाशिकात, नासर्डी नदीच्या काठावर आहे. कागदोपत्री आता तिला नंदिनी म्हणतात, पण रिक्षावाल्याला नासर्डीच सांगावं लागतं. फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांनी मला स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी नेऊन उभं केलं होतं. "नदी बघ. सकाळचा चहा इथे उभं राहून प्यायचा," म्हणाले होते. पहिल्याच उन्हाळ्यात वासाने आणि डासांनी ती खिडकी बंद झाली. पुढे तिच्यासमोर फ्रीज आला, आणि मागे नदी आहे हे आम्ही दोघंही विसरलो.

हे सातपूरच्या एका कारखान्यात होते, मी विम्याच्या कचेरीत. मूलबाळ नाही. मी निवृत्त झाले त्याच वर्षी हे झोपेत गेले. सुरुवातीला माणसं आली, मग फोन आले, मग तेही कमी झाले. कामवाल्या बाई महिनाभर गावाला गेल्या तेव्हा मला जाणवलं, की दूधवाला सोडला तर आठवडाभर मी कुणाशी बोललेलेच नाही. कुकरची शिट्टी झाली की मी दचकायचे.

अशातच फ्रीज बिघडला. दुरुस्तीवाल्याने तो ओढून बाजूला घेतला आणि पार्ट आणायला गेला तो चार दिवस आलाच नाही. त्या रविवारी सकाळी बंद खिडकीमागून मला माणसांचे आवाज आले. कडी गंजली होती. बत्त्याने ठोकून ती उघडली. खाली नदीत पंचवीस-तीस माणसं उतरली होती. हातात मोजे, पायात गमबूट, आणि कुणीतरी एक भिजलेली गादी ओढत होतं.

"ताई, प्यायला पाणी मिळेल का?" खालून एका बाईंनी विचारलं. त्या आमच्या भागातल्या दातांच्या डॉक्टर होत्या. हा सगळा उद्योग त्यांनीच उभा केला होता. मी कळशी आणि पेले घेऊन खाली गेले. पेले रिकामे होईपर्यंत उभी राहिले, मग वाकून एक पिशवी उचलली. घरी परतले तेव्हा दुपार झाली होती आणि मला कडकडून भूक लागली होती. तशी भूक कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

तो हिवाळा आणि उन्हाळा मी एकही रविवार चुकवला नाही. आम्ही निर्माल्याच्या पिशव्या काढल्या, थर्माकोलची मखरं काढली, जुने कपडे, टायर, पाणवेलींचे ढीग काढले. फोटो निघाले, पेपरात बातमी आली. जूनपर्यंत आमच्या मागचा पट्टा ओळखू येईना इतका मोकळा झाला.

मग पावसाळ्यात पूर आला. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर वरच्या अंगाची सगळी घाण आमच्या काठावर येऊन बसली होती. बाभळींच्या फांद्यांवर प्लास्टिक लटकत होतं, चिंध्या लटकत होत्या. पुढच्या रविवारी दहाजण आले, त्यापुढच्या रविवारी चौघं. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "मला आता उमेद राहिली नाही हो. थोडे दिवस थांबू या." त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता, मला त्यांचा राग आला नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप तेवढा राहिला. त्यावर सकाळी फुलं आणि सुविचार येत.

मी मात्र उतरत राहिले. नदीची फार कळकळ होती असं नाही. रविवारी सकाळी दुसरं करायचं काय, हा प्रश्न होता.

पाणी कमी झाल्यावर एकदा मला दिसलं, की समोरच्या काठावर आणखी एक माणूस कामाला आहे. पांढरा शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात विळा. आमच्या मेळ्यात मी त्यांना पाहिलं होतं, बोलले कधी नव्हते. मधे पाण्याचा पट्टा आणि दोन्हीकडे चिखल. पूल बराच लांब. मी हात केला. तिकडून खणखणीत आवाज आला, "ताई, बाकीचे कुठं उतरले?"

"मागच्या स्टॉपवर!" मी ओरडले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

ते हसले. एसटीत कंडक्टर होते, त्यांनीच पुढे सांगितलं. मूळचे बागलाणातले, मुलगा इथे नोकरीला म्हणून इथल्या रो-हाउसमध्ये राहायला आलेले. नाशिकला येऊन वर्षं लोटली तरी बोलता बोलता 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. मी त्यांना दादा म्हणू लागले. गर्दीने भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज, नदी ओलांडायला त्याला काहीच कष्ट पडत नसत. मला मात्र ओरडावं लागे. रविवारी घसा बसायचा आणि सोमवारी तो बसलेला घसा मला बरा वाटायचा.

"तुमच्या घरी कोण कोण, दादा?"

"मुलगा, सून, आन् मंडळी. मंडळी झोपूनच शे. रईवारी सुनेला सुट्टी, म्हणून घडीभर सुटतो." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या घरी?"

"मी," मी सांगितलं. त्यांनी विळा चालू ठेवला.

थंडीत नदी आटली तशी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्यापासून वरच्या बाजूला पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. आमच्या इमारतीमागच्या डबक्यात मात्र ते राखाडी व्हायचं, सकाळच्या वेळी तर फेस यायचा. मी काठावरची घाणेरीची झुडपं कापत होते. एक मोठी जाळी पडली तसे दादा ओरडले, "ताई, पाइप शे तिथं!"

"कुठे?"

"तुमच्या पायाखाली!"

मी वाकले, काही दिसेना. मग त्यांनी मला गाडी मागे घेतात तसं घेतलं. "येऊ द्या, येऊ द्या... अजून... डाव्या हाताला... बस्स!" मी आडवी होऊन हात खाली सोडला. ओलसर, कोमट सिमेंटचा पाइप हाताला लागला. तो आमच्या कुंपणाच्या भिंतीखालून येत होता. माझ्या काठावरून तो दिसणं शक्यच नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही खात्री केली. ठरल्या वेळी मी बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली, बाथरूमच्या मोरीत ओतली आणि खिडकीशी धावले. समोर दादा कमरेवर हात ठेवून उभे. बराच वेळ काही नाही. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. "आली! निळी आली!"

मी एकटी खिडकीत मोठ्याने हसले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून पाहिलं.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. इमारत बांधताना कुणीतरी मोऱ्यांचं पाणी रस्त्यावरच्या ड्रेनेजला न जोडता पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडून दिलं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. चेअरमन सज्जन गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, अख्ख्या गावाचं पाणी जातंय तिच्यात. आपल्या एका पाइपाने काय होणार?" मी खाली बसले.

मग मी घरोघर गेले. हे गेल्यानंतर मी शेजारच्या कुठल्याच दाराची बेल वाजवली नव्हती. लोकांना वाटे, मला काहीतरी हवंय. मी एवढंच म्हणायचे, "रविवारी सकाळी माझ्याबरोबर पुलापलीकडे चला. तिथून आपली बिल्डिंग बघा." शेवटी सहाजण आले. पुलावरून वळसा घालून आम्ही त्या काठावर गेलो. दादांची भेट होईल म्हणून मी घरून बेसनाचे लाडू घेतले होते. ते नव्हते. कापलेल्या गवताची नीट लावलेली ओळ होती, तीही सुकलेली.

समोर आमची इमारत, आणि तिच्या पायाशी त्या पाइपाचं तोंड. बघता बघता त्यातून दुधासारखा फेस आला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "अहो, मी मशीन लावून आले. हे माझंच आहे का?" कुणी हसलं नाही. चेअरमन चष्मा पुसत राहिले. लाडू त्या सगळ्यांनी खाल्ले.

काम उन्हाळ्यात झालं. अंगण उकरलं, गाड्या रस्त्यावर लावाव्या लागल्या, लोक कुरकुरले, दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पण पाणी रस्त्याच्या लाइनीला जोडलं गेलं. दादा मधले काही रविवार आले नव्हते, काम संपल्यानंतरच्या रविवारी आले. बराच वेळ पाइपाकडे बघत उभे राहिले. "एक थेंब नाय, ताई," म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा खाली होता, मला कान द्यावा लागला. "मंडळींची तब्येत?" मी विचारलं. त्यांनी हात हलवला. त्याचा अर्थ बरी असाही होत होता आणि नाही असाही.

दिवाळीपर्यंत डबक्याचा तळ दिसू लागला. बारीक मासे आले. हे सांगायला मी दर रविवारी समोर बघायचे. काठ रिकामा असायचा. पाचव्या की सहाव्या रविवारी मी पूल ओलांडून गेले. नाव माहीत नाही, घर माहीत नाही. "एसटीत कंडक्टर होते ते," एवढं विचारत फिरले. एका दारात रांगोळी काढणारी तरुण बाई उठून उभी राहिली.

"तुम्ही समोरच्या ताई का?" तिने विचारलं.

सासूबाई गणपतीनंतर गेल्या होत्या. विधींसाठी मामंजी गावी गेले ते तिथेच राहिले. "त्यांना इथे करमेना," ती म्हणाली. "तुमचं सांगायचे आम्हाला. निळीचं तर पाहुण्यांनाही सांगितलं." तिने चहा केला, नंबर दिला. नाव काय टाकू, असं विचारल्यावर तिने ते सांगितलं. इतक्या रविवारांत मी कधी विचारलं नव्हतं, त्यांनीही माझं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी फोन केला. मी सवयीने ओरडून "दादा!" म्हटलं, तेही ओरडून "बोला ताई!" म्हणाले. मग दोघंही गप्प झालो. मंडळींचं कळलं, एवढं मी कसंबसं म्हटलं. "हां," ते म्हणाले. "आता लय मोकळा वेळ शे." समोर काम नव्हतं, मधे पाणी नव्हतं, कानाशी फक्त श्वास. शेवटी त्यांनीच विचारलं, "पानी कसं शे?" मी तळाचं सांगितलं, माशांचं सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

यंदा डॉक्टरबाई पुन्हा आल्या. डबकं बघून त्यांनी मला पाइपाबद्दल खोदून खोदून विचारलं. आता रविवारी दोन तुकड्या होतात, एक या काठाला, एक त्या. तिकडच्यांनी इकडचे पाइप शोधायचे, इकडच्यांनी तिकडचे. आमच्या इमारतीतली बरीच माणसं येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सगळ्यांसाठी पोहे आणतात. वरच्या अंगाला अशा पाइपांची अजून कितीतरी तोंडं आहेत. एका बंगल्याचं काम झालं, एका वस्तीचं पालिकेच्या माणसांनी मोजमाप नेलंय. पावसाळ्यात घाण परत येते, आम्ही परत काढतो.

मी त्या पलीकडच्या तुकडीत असते. पोहे झाले, फोटो झाले, की माणसं आपापल्या घरी जातात, घरी त्यांची वाट बघणारं कुणीतरी असतं. मी पुलावरून सावकाश येते. महिन्यातून एकदा बागलाणात फोन लावते. दादा पाण्याचं विचारतात, मी सांगते, मग थोडा वेळ आम्ही दोघं नुसतेच फोन धरून बसतो. पाऊस उघडला की एकदा येऊन बघून जातो, असं ते मागच्या वेळी म्हणाले. पाऊस उघडून बरेच दिवस झाले. मी त्यांना आठवण करून दिलेली नाही.