व्याह्यांची केबिन, डेक पाच

"ताई, मले खाली टाका. पाहिजे तर सामानाच्या खोलीत टाका. पण व्याह्यायले वर घ्या!"

सुधाकरभाऊ माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते. असोद्याचे केळीचे बागायतदार. एरवी चहा गार झाला तरी तक्रार न करणारा माणूस. त्या दिवशी मात्र चहाकडे पाहायलाही तयार नव्हते. टेबलावर मी नुकताच छापलेला क्रूझच्या बुकिंगचा कागद होता. त्यावर दोन ओळी होत्या. सुधाकरभाऊ आणि त्यांच्या सौभाग्यवती, डेक बारा. धुळ्याचे व्याही रोहिदासनाना, विहीणबाई आणि नानांच्या थोरल्या बहीण अक्का, डेक पाच.

जहाजाच्या मजल्याला डेक म्हणतात. आकडा जितका मोठा तितका मजला वर. भाऊंनी हे कागद हातात घेताच ओळखलं होतं. पोरीचा बाप बाराव्या मजल्यावर आणि पोराचा बाप पाचव्या!

मी जळगावात ट्रॅव्हल एजन्सी चालवते. चारधामपासून सिंगापूरपर्यंत सगळं विकते. पासपोर्ट विसरलेली माणसं पाहिली, विमानतळावर लोणच्याच्या बरणीसाठी भांडणारी पाहिली. पण डेकच्या आकड्यावरून रडवेला झालेला बाप मी पहिल्यांदाच पाहत होते.

कारण साधं होतं. वर्षापूर्वी भाऊंची प्रियंका धुळ्यात दिली. लग्नात विहीणबाईंना साडी नेसवली ती भारीतली, आणि अक्कांना नेसवली ती जरा हलकी निघाली. दुकानदाराने गठ्ठे बांधताना घोळ घातला होता. अक्का नानांच्याच घरी राहतात आणि त्या घरातलं सुप्रीम कोर्ट त्याच आहेत. त्या साडीचा निकाल वर्षभर रोज लागत होता आणि शिक्षा भोगत होती प्रियंका. भाजीत मीठ जास्त झालं की साडी. माहेरी दोन दिवस जाऊ का विचारलं की साडी. शेवटी एका बारशाच्या पंगतीत भाऊ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "व्याही, तुम्हाला आणि अक्कांना मी जहाजात बसवून फिरवून आणीन." पंगतीने टाळ्या वाजवल्या. पोरगी सुटेल या एका आशेवर भाऊ माझ्याकडे आले होते.

आणि मी त्यांच्या पोरीविरुद्ध पुढच्या दहा वर्षांचा दारूगोळा छापून दिला होता.

चूक माझीच होती, ते आधी सांगते.

सिंगापूरहून निघून मलेशिया, थायलंड करून परत येणारी क्रूझ घ्यायची ठरली होती. जहाजं दोन होती. एक लहान, जुनं, शांत. दुसरं म्हणजे तरंगतं गावच, घसरगुंड्या, नाटकघर, शाकाहारी जेवणाचा वेगळा काउंटर. लोकांना वाटतं जहाज निवडणं म्हणजे फोटो पाहणं. मी आधी विचारते, गाडी कुणाला लागते? भाऊ म्हणाले, "आम्हाला नाही. पण अक्का वणीच्या गडावर जाताना दरवर्षी खिडकी धरतात." म्हणून मी मोठं जहाज घेतलं. मोठ्या जहाजाला पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांनी डोलणं कमी होतं, बंद होत नाही. त्यात जुलै महिना. तिथला समुद्र त्या दिवसांत जरा अंगात आल्यासारखाच वागतो. भाऊंना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "आपण काय पोहायला चाललो?"

इथवर सगळं बरोबर होतं. मग भाऊ म्हणाले, "दोन्ही खोल्या सारख्याच पाहिजेत. उन्नीस-बीस नको." मी दोन्ही खोल्या एकाच प्रकारच्या घेतल्या, खिडकीवाल्या. पण घेतल्या 'गॅरंटी'मध्ये. गॅरंटी म्हणजे खोलीचा प्रकार नक्की, नंबर मात्र कंपनी शेवटी देणार. स्वस्त पडतं, आणि मला हुशारी दाखवायची हौस होती. कंपनीच्या कॉम्प्युटरला व्याही कळत नाहीत. त्याने अक्का धरून तिघांना तीन पलंगांची खोली दिली, ती पाचव्या डेकवर मधोमध. आणि दोघांसाठीची बाल्कनीची एक खोली रिकामी पडली होती, ती भाऊंना फुकट देऊन टाकली. बाराव्या डेकवर, जहाजाच्या नाकाशी. याला अपग्रेड म्हणतात. एरवी अपग्रेड मिळाला की गिऱ्हाईक पेढे आणतं.

मी मुंबईला कंपनीच्या ऑफिसात फोन लावला.

"मॅडम, इट्स अ फ्री अपग्रेड," पलीकडची मुलगी म्हणाली.

"तेच काढून घ्या."

"सॉरी?"

"अपग्रेड नको आहे. खाली द्या. पाचव्या डेकवर."

"मॅडम, आजपर्यंत असं कुणी मागितलं नाही."

"आजपर्यंत तुमच्याकडे खान्देशातले व्याही आले नसतील."

जहाज भरलेलं होतं. खाली खोली नव्हती, वर तिघांची नव्हती. भाऊंनी तोडगा काढला, "जहाजात चढल्यावर गुपचूप खोल्या बदलू." मी म्हटलं, तेही जमणार नाही. तिघं दोन पलंगांवर कसे झोपतील? आणि धोक्याचा भोंगा वाजला तर कुणी कुठं जमायचं हे खोलीवर ठरलेलं असतं, प्रत्येकाच्या कार्डावर ते छापलेलं असतं.

"मग माझ्या पोरीचं काय?" भाऊंनी विचारलं. मला फक्त राग येत होता, अक्कांचा आणि त्याहून जास्त माझा.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि एरंडोल, पारोळा करत धुळे गाठलं. पिशवीत जहाजाचा उभा छेद दाखवणारं मोठं चित्र होतं. केक कापल्यावर आतले थर दिसतात तसे त्यात सगळे मजले दिसतात.

रोहिदासनाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर खिडकीत बसून कुठली गाडी कधी सोडायची हे ठरवणारा माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून पाहुणा उठला की घड्याळ पाहून "सोडा" म्हणतात. अक्का सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या. प्रियंका चहा देऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. माझ्या हातातला कागद तिने पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. वडिलांचा फोन आधीच आला असणार.

मी खोल्यांचं नावही काढलं नाही.

"नाना, एक शंका आहे. तुमच्या गाडीत मोठे साहेब चढले, तर त्यांना कुठं बसवत होता?"

नाना ताठ झाले. तीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी एवढ्या अदबीने विचारला नसावा.

"मधली सीट. तिसरी नही ते चौथी रांग. मांगला चाकवर बसाडं ते सायेब उतरताच मेमो देई!"

"आणि ड्रायव्हरशेजारी?"

"तठे उरेल पॅसेंजर बसस."

मी चित्र टीपॉयवर पसरलं. "हे जहाज. हे पाण्यात असं पुढं-मागं डोलतं, असं आडवं डोलतं. आता तुम्हीच कंट्रोलर. साहेबांना कुठं बसवाल?"

नानांनी चष्मा पुसला. बोट आधी सगळ्यात वर नेलं, मान हलवली. मग पुढच्या टोकाला नेलं, पुन्हा मान हलवली. सावकाश खाली येत, मधोमध, पाचव्या डेकवर बोट टेकवलं.

"अठे. अठेच कमी हालावं."

"नक्की? कारण तुम्ही म्हणाल तीच खोली मी देणार."

"पक्कं! लिखा."

मी लिहिलं. त्यांच्यासमोर, लाल शाईने. खोली तीच होती, पण आता ती नानांनी निवडलेली होती.

अक्कांनी वाकून चित्रात सगळ्यात वर बोट ठेवलं. "मंग वरली खोली कोनले शे?"

"भाऊंना," मी म्हटलं. "उरलेली."

अक्कांनी कीव आल्यासारखं च्यक केलं. स्वयंपाकघराच्या दारातून प्रियंका झटकन आत गेली. आत एक भांडं पडलं. ती हसत होती हे मला आवाजावरून कळलं.

बाल्कनीचं मी सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, पण खरंही पुरतं बोलले नाही. आमच्या धंद्यात या दोन्हींच्या मध्ये बरीच मोकळी जागा असते.

ती जागा पहिल्याच दुपारी संपली. जहाज सिंगापूरहून सुटलं आणि भाऊंच्या सौभाग्यवतींनी साध्या मनाने तिघांना वर चहाला बोलावलं. मला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नानांचं नाक आणि मागे निळा समुद्र.

"ताई! आम्हना व्याहीस्ना खोलीले गॅलरी शे! खुर्च्या शेतस! आनि आम्हले नुसती खिडकी!"

मागून अक्कांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण त्यातला 'साडी' स्पष्ट ऐकू आला.

मी जळगावात, ते समुद्रात. तोंडात येईल ते बोलले. "नाना, गॅलरी म्हणजे बसचा फूटबोर्ड. वारा खायला बरा. कंट्रोलर कधी फूटबोर्डवर उभा राहतो का?"

नाना गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, नेटवर्क गेलं म्हणून. त्या दिवशी मी जेवले नाही. प्रियंकाचा मेसेज आला, "ताई, काही कळलं का?" मी लिहिलं, "नेटवर्क नाही."

दुसरा दिवस 'सी डे' होता. सी डे म्हणजे जहाज कुठंच थांबत नाही, दिवसभर पाणीच पाणी. त्या दिवशी समुद्राला खरंच अंगात आलं. मोठं जहाज, स्टॅबिलायझर सगळं असूनही ते डोललं. खालच्या मधल्या खोलीत झोपाळ्यासारखं, आणि बाराव्या डेकवर नाकाशी जत्रेतल्या पाळण्यासारखं. भाऊ आणि वहिनी सकाळपासून आडवे. आमच्याकडे गाडी कुणाला लागत नाही म्हणणारे भाऊ बेसिन सोडायला तयार नव्हते. ती बाल्कनी, त्या खुर्च्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही.

नाना न्याहारीला पूर्ण तयार होऊन गेले. व्याही दिसेनात, म्हणून वर पाहायला गेले. आणि मग त्यांनी जे केलं ते मी त्यांच्याकडून कधीच अपेक्षिलं नव्हतं. दोघांना धरून लिफ्टने खाली आणलं, आपल्या पलंगावर झोपवलं. अक्कांनी बटव्यातून ओवा काढला, लिंबाचं लोणचं काढलं. पुढचा दीड दिवस त्या तीन पलंगांच्या खोलीत पाच माणसं राहिली. पुढचा कॉल आला तेव्हा नानांनी कॅमेरा टेबलावरच्या पेल्यावर धरला होता.

"देखा ताई! ग्लासमाधलं पानी बी हालस नही! मी निवडेल खोली शे!"

मागे अक्का भाऊंच्या तोंडाशी चमचा धरून बसल्या होत्या. "थोडं खाई ल्या, भाऊ. लाजू नका." भाऊंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. तोंड पांढरं पडलं होतं, पण डोळे हसत होते. त्यांना बोलता आलं असतं तर 'पोरगी सुटली' एवढंच बोलले असते, आणि ते अक्कांसमोर नको, म्हणून मीच फोन ठेवला.

परत आल्यावर महिनाभराने प्रियंका माझ्या ऑफिसात आली. माहेरी आली होती. हातात पिशवी, चेहऱ्यावर तेज.

"किती दिवस राहणार?" मी विचारलं.

"आठ. अक्कांनीच पाठवलं. साडीचं नावच नाही आता. जो भेटेल त्याला सांगतात, व्याह्यांना आम्ही जहाजात सांभाळलं, आपल्या हाताने भरवलं. आम्ही नसतो तर त्यांचं काय झालं असतं!"

मी हसले. ती हसली नाही.

"ताई, माझ्या बाबांना उलट्या झाल्या, म्हणून मी घरात सुखात आहे. हे बरं झालं की वाईट, सांगा."

मी तिच्यासाठी चहा मागवला.

आता माझ्याकडे क्रूझ विचारायला कुणी आलं की मी जहाजाची लांबी, डेक, घसरगुंड्या हे सगळं नंतर सांगते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बरोबर व्याही आहेत का?" असतील तर मी गॅरंटी देत नाही. खोलीची तर नाहीच, आणि समुद्र शांत राहील याचीही नाही. कारण तो शांत राहिला, तर पोरीच्या बापाला वाचवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.