बोटभर मोठी

गल्लीत त्याला सगळे पाऊणशेठ म्हणत. बूट शिवण्याचं स्वतःचं दुकान, म्हणून शेठ; आणि उंची देताना देवानं हात आखडता घेतला, म्हणून पाऊण. त्यानं कधी मनाला लावून घेतलं नाही. "पूर्ण असून अर्ध्या कामाची माणसं पाहिलीत मी," असं म्हणून तो हसायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पाय हातात घ्यायचा.

हात मात्र सोन्याचा. कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिल फिरवली की बूट बसलाच म्हणून समजा. आणि गिऱ्हाईक लहान असो की थोर, त्याचं पालुपद ठरलेलं: "बूट बोटभर मोठाच घ्यावा बरं का. अगदी मापात घेतला की चावतो." बायको आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली असायची. ती हे वाक्य त्याच्या आधीच पुटपुटायची, इतकं तिला ते पाठ झालं होतं.

बायको त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. लग्नाच्या फोटोच्या वेळी फोटोवाल्यानं हळूच त्याच्या पायाखाली वीट सरकवली, तेव्हा हिनं ती पायानंच बाजूला ढकलली होती. फोटो आजही दुकानात आहे. त्यात तो तिच्या खांद्याशी आणि दोघंही हसतायत.

तर अशा या माणसाच्या मोपेडनं एके दिवशी भर रस्त्यात राम म्हटला. चामडं आणायला आणि तयार माल पोचवायला गाडी तर हवीच. मेहुणा लगेच धावून आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मदतीला सर्वांत पुढे आणि तोंडाला लगाम नाही. त्याची जुनी स्कूटर पडूनच होती. "दाजी, घेऊन टाका. बसकी आहे, अगदी तुमच्या मापाची!"

"मला ती निळी घ्यायचीय," पाऊणशेठ म्हणाला.

निळी म्हणजे चामड्याच्या बाजाराकडे जाताना वाटेत एका फाटकाआड दिसणारी मोटरसायकल. दीडशे सीसीची, चार-पाच वर्षं वापरलेली, पण काय रुबाब! फुगलेली टाकी, पुढे झुकलेलं हँडल, मागची सीट पायरीसारखी वर उचललेली. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी होती, 'विकणे आहे'. पाऊणशेठ रोज तिथे बुटाची नाडी बांधायला थांबायचा. बिननाडीचे बूट घातले असले तरी थांबायचा.

मेहुण्यानं ती गाडी पाहिली होती. तो पोट धरून हसला. "अहो दाजी, शिडी लावून चढणार का? मापात राहा की जरा!"

हे मात्र लागलं. का लागू नये? जन्मभर बिचारा मापातच राहिला होता. शाळेत पहिला बाक, रांगेत पहिला नंबर, सायकल घेतली ती मुलांची. शर्ट मुलांच्या विभागातून घ्यायचा आणि त्यावर ससा नाही ना, हे उलटून पाहायचं. एकदा, फक्त एकदा, मापाबाहेरची वस्तू आपली असावी असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यात चूक ती काय?

गाडीचे मालक व्यायामाचे निवृत्त मास्तर निघाले. माणूस ताडमाड, पण गुडघ्यांनी दगा दिलेला. सीटवरून पाय पलीकडे टाकणंच जमेना, म्हणून गाडी विकायला काढलेली. किमतीवरून घासाघीस झालीच नाही, जमण्यासारखीच होती. मास्तरांची अट वेगळी.

"शेठ, चालवता सगळ्यांनाच येतं. तुम्ही मला थांबवून दाखवा."

पाऊणशेठ चढला. चढला म्हणजे अक्षरशः चढला. दोन्ही पाय खाली सोडले तर दोन्ही हवेत, चवडे जमिनीला शोधतायत. गाडी एका अंगाला कलली तशी मास्तरांनी पटकन धरली.

"बोटभर कमी पडताय हो," मास्तर कळवळून म्हणाले. "राग मानू नका. पण सिग्नलला तुम्ही आडवे झालात, तर मला झोप लागायची नाही. शनिवारी संध्याकाळी परत या, जमलं तर तुमची. रविवारी एक फोटोग्राफर येतोय बघायला. सहा फुटी आहे."

सहा फुटी! पाऊणशेठ घरी आला तो तडक कामालाच बसला. बोटभर कमी पडतोय काय? अहो, बूटवाल्याला बोटभराची काय मातब्बरी! सोलवर सोल चिकटवला, त्यावर आणखी एक, खाली जाड रबर, टाच तर अशी की वर्तमानपत्राची रद्दी रचावी. असा बूट त्यानं आयुष्यात केला नव्हता. दुसऱ्या कुणी केला असता तर त्याला दुकानात उभं केलं नसतं.

"कुणाची ऑर्डर?" बायकोनं विचारलं.

"नाटकवाल्यांची. राजाचं काम करणारा आहे, त्याची."

तिनं बूट उचलला, आत नजर टाकली. या मापाचा पाय अख्ख्या गावात एकच होता आणि तो रोज रात्री तिच्या शेजारीच झोपायचा. ती एवढंच म्हणाली, "राजाला चालताना सांभाळून म्हणावं."

शनिवारी तो पिशवीत बूट घालून निघाला, तर ही चपला घालून दारात उभी. हातात स्वतःची वेगळी पिशवी. "मीही येते. राजा कसा दिसतो ते बघू." मागून मेहुणा स्कूटर घेऊन हजर. दाजींना घरी न्यायला कुणीतरी हवं, म्हणे.

मास्तरांच्या घरामागे मोकळं मैदान होतं. पाऊणशेठनं बूट चढवले आणि तो उभा राहिला, तो थेट बायकोच्या कानापर्यंत! गाडीवर बसला. दोन्ही पाय जमिनीवर ठाम. त्यानं मेहुण्याकडे असं पाहिलं की मेहुण्यानं हातातली स्कूटरची चावी गुपचूप खिशात टाकली.

गाडी सुरू झाली. पहिला गिअर खाली दाबायचा, तो पडला. दुसऱ्यासाठी बुटाचं टोक गिअरच्या दांडीखाली घालून वर उचलायचं. पण टोक आत जाईल तर ना! एवढा जाड सोल, तो दांडीखाली शिरतोय कसला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी पहिल्या गिअरवर गोगलगायीसारखी चाललीय. पाऊणशेठ घामाघूम.

मेहुणा शेजारून रमतगमत चालू लागला. "दाजी, मी पुढे होऊन चहा सांगू का?"

तेवढ्यात थांबायची वेळ आली. ब्रेक पायाखाली लागतोय की नाही, हेच त्या सोलमधून कळेना. कळलं तेव्हा जरा जास्तच कळलं. गाडी गचकन थांबली, टाच पायठेवणीत अडकली आणि गाडीसकट पाऊणशेठ गवतावर सावकाश आडवा झाला. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. जे काही खरचटलं ते आत, त्याच्या मनाला.

मेहुणा हसून हसून खाली बसला. पाऊणशेठ उठला, अंगावरचं गवत झटकलं. मास्तरांकडे बघायचा धीर होईना. "चुकलं माझं, मास्तर. नाही ही माझ्या मापाची," असं म्हणून त्यानं मेहुण्यापुढे हात केला. "दे बाबा स्कूटरची चावी."

"हात मागे घ्या आधी!"

बायकोचा आवाज असा चढलेला त्यानं कधी ऐकला नव्हता. ती तरातरा आली. "काढा ते बूट." त्यानं मुकाट्यानं काढले. तिनं ते पायानं बाजूला ढकलले आणि आपल्या पिशवीतून त्याचे रोजचे, झिजलेले, सपाट बूट काढून त्याच्यासमोर ठेवले.

"तुला माहीत होतं?"

"माझा नवरा राजाचं काम कधीपासून करायला लागला ते मला कळू नये? बोलले नाही, कारण तुम्हाला हौस होती." मग कमरेवर हात ठेवून तिनं ठणकावलं, "लोकांच्या पोरांना रोज काय सांगता? बूट बोटभर मोठाच घ्यावा, मापात घेतला की चावतो. आणि स्वतःवर वेळ आली की चावणारं घेऊन घरी येणार? मास्तर, बोटभरच कमी पडतायत ना हे?"

"बोटभरच," मास्तर म्हणाले. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अहो शेठ, पण दोन्ही पाय टेकायला तुम्हाला सांगितलं कुणी? थांबवा म्हटलं मी! उजवा पाय ब्रेकवरच राहू द्या, सीटवरून जरा डावीकडे सरका आणि एकच पाय सोडा. बघा."

शाळा सुटून वर्षं झाली होती, पण मास्तरांच्या अंगातला मास्तर जागा झाला. "सरका! अजून! घाबरता काय, पडलात की एकदा, आता भीती संपली!" दोनदा गाडी कलली, दोन्ही वेळा मेहुण्यानं धरली. तो आता हसत नव्हता. तो दाजींपेक्षा जास्त घामाघूम झाला होता.

मग पाऊणशेठनं एकट्यानं चक्कर मारली. पहिला, दुसरा, तिसरा. सपाट बुटाचं टोक दांडीखाली लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. मैदानाला वळसा घालून तो आला, वेग कमी केला, डावीकडे सरकला आणि बरोबर मास्तरांच्या समोर थांबला. गाडी तसूभर हलली नाही.

मास्तरांनी टाकीवरून एकदा हात फिरवला. "मला गुडघ्यांनी खाली उतरवलं. तुम्ही वर चढलात, बरं वाटलं," म्हणाले आणि गाडीच्या गळ्यातली 'विकणे आहे'ची पाटी त्यांनी काढून घेतली.

बायको मागच्या उंच सीटवर बसली. आधीच वीतभर उंच, त्यात ती पायरी! पाऊणशेठचं डोकं तिच्या हनुवटीच्याही खाली.

"ताई, समोरचं दिसतंय ना तुला?" मेहुण्यानं राहवेना म्हणून विचारलंच.

"सगळं दिसतंय. म्हणून तर यांच्याशी लग्न केलं," ती म्हणाली. "ते राजाचे बूट तू घेऊन ये स्कूटरवरून."

निळी निघाली. चौकात दिवा लाल झाला. डाव्या-उजव्या बाजूला गाड्या येऊन थांबल्या. पाऊणशेठनं श्वास रोखला, वेग कमी केला, सरकला.

"टेकला का हो?" तिनं मागून त्याच्या कानाशी विचारलं.

"टेकला."

"किती?"

त्यानं खाली पाहिलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत सगळा पाय रस्त्यावर होता.

"पूर्ण," तो म्हणाला.